फेरी आधी, मुक्काम नंतर : ऑकलंड ते क्वीन्सटाउन मोटरहोम प्रवासाचे नियोजन

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडहून क्वीन्सटाउनपर्यंत मोटरहोमने, म्हणजे आतच झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने, जायचे ठरले की नवखी मंडळी बहुधा नकाशा उघडतात, ऑकलंडवर बोट ठेवतात आणि खाली सरकत पहिला मुक्काम, दुसरा मुक्काम असे टिपत जातात. वेलिंग्टनपाशी पोहोचल्यावर ‘इथून फेरीने पलीकडे’ एवढेच लिहिलेले असते. माझ्या मते चूक इथेच होते. या साऱ्या प्रवासात घड्याळाला बांधलेली गोष्ट एकच आहे, ती म्हणजे उत्तर आणि दक्षिण बेटांमधली कुक सामुद्रधुनी ओलांडणारी बोट. बाकीचे मुक्काम एक दिवस अलीकडे-पलीकडे करता येतात. बोटीची वेळ तशी सरकवता येत नाही, आणि सरकलीच तर ती आपल्या सोयीने सरकत नाही. म्हणून आधी फेरीचे आरक्षण करावे, मग तिच्यापासून मागे मोजत उत्तर बेटावरचे आणि पुढे मोजत दक्षिण बेटावरचे मुक्काम बसवावेत. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

फेरीचे आरक्षण

आपल्यापैकी अनेकांना फेरी म्हटले की दाभोळ-धोपावे किंवा आगरदांडा-दिघी आठवते. जेटीवर रांगेत गाडी लावायची, तिकीट काढायचे आणि गाडीतून उतरून खाडीचा वारा खाईपर्यंत पलीकडचा किनारा येतो. उत्तर बेटावरच्या वेलिंग्टनहून दक्षिण बेटावरच्या पिक्टनला जाण्याचा प्रकार निराळा आहे. हे अंतर सुमारे ९२ किलोमीटरचे असून त्याला साधारण साडेतीन तास लागतात. इथे इंटरआयलँडर आणि ब्लूब्रिज अशा दोन सेवा आहेत आणि वेलिंग्टनमधली त्यांची टर्मिनल वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. ब्लूब्रिजचे टर्मिनल रेल्वे स्थानकासमोर आहे, तर इंटरआयलँडरचे शहराच्या थोडे उत्तरेला कायव्हाराव्हारा येथे आहे. दोहोंत अंतर फार नाही. पण सात मीटर लांबीची गाडी घेऊन चुकीच्या फाटकापाशी पोहोचलेल्या माणसाला ते पुष्कळ वाटते. तिकिटावरचा पत्ता त्याच दिवशी लिहून ठेवावा.

आरक्षण करताना गाडीची लांबी आणि उंची विचारली जाते, कारण भाडे त्यावर ठरते. लांबी म्हणजे पुढच्या बंपरपासून मागे जे काही सर्वांत शेवटी असेल तिथपर्यंतची लांबी, मग ते सायकलचे स्टँड असो की मागे गाडी ओढण्याचा हूक. आम्ही पहिल्या खेपेला माहितीपत्रकात छापलेली लांबी बेलाशक भरली होती आणि मागे लावून घेतलेले सायकलचे स्टँड विसरलो होतो. चेक-इनच्या खिडकीपाशी माणसाने टेप बाहेर काढला तेव्हा मागे वीसेक गाड्या उभ्या होत्या. फरकाचे पैसे भरून सुटलो. पण बोट भरलेली असती तर पैसे भरूनही जागा मिळाली नसती. गाडी भाड्याची असेल तर नेमके मॉडेल ठरल्याशिवाय लांबी भरू नये आणि ती गाडी फेरीने नेण्यास करारात परवानगी आहे ना, हेही त्याच वेळी तपासावे.

नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून जानेवारीअखेरपर्यंत आणि ईस्टरच्या सुटीत मोटरहोमला जागा मिळणे अवघड असते. नुसत्या प्रवाशांना जागा असते, लहान मोटारीलाही कधीकधी मिळून जाते, पण उंच आणि लांब गाडीसाठी बोटीवर जागाच मोजकी असते. या दिवसांत जायचे असेल तर काही महिने आधी आरक्षण करावे. तिकिटात बदल करता येण्याची सोय थोडे जास्त पैसे देऊन मिळत असेल, तर ती नवख्यांनी जरूर घ्यावी, असे माझे मत आहे.

वेळ निवडताना सकाळची फेरी बरी. ती दुपारी पिक्टनला पोहोचते, हातात उजेड राहतो आणि शेवटचा सुमारे तासभर बोट मार्लबरो साउंड्सच्या चिंचोळ्या, हिरव्या डोंगरांनी वेढलेल्या पाण्यातून जाते, ते डोळे भरून पाहता येते. संध्याकाळची फेरी स्वस्त दिसली, तरी अनोळखी रस्त्यावर अंधारात मुक्कामाची जागा शोधण्याची किंमत त्यात धरावी.

फेरीच्या आदल्या रात्रीचा मुक्काम

सगळ्या मुक्कामांत हा सर्वांत विचारपूर्वक ठरवायचा. वाहनांना सुटण्याच्या किमान तासभर आधी हजर व्हावे लागते. नेमकी वेळ तिकिटावर असते आणि ती उलटली तर बोट समोर उभी दिसत असूनही आपल्याला घेतले जात नाही. म्हणून आदली रात्र टर्मिनलपासून तासाभराच्या आत काढावी, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. तो अनुभवातून आला. एका वर्षी आम्ही लेव्हिनला थांबलो होतो. तिथून वेलिंग्टन शंभर किलोमीटरच्या आतच आहे, म्हणून सव्वा तासाचा हिशेब धरला. वाटेत रस्त्याचे काम लागले, पुढे कामावर जाणाऱ्यांची सकाळची गर्दी लागली आणि आम्ही चेक-इन बंद व्हायला चार मिनिटे असताना पोहोचलो. त्या सकाळी गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही.

त्यानंतर मी दोन पर्याय पक्के केले. एक म्हणजे कापिती किनाऱ्यावरचे पायकाकारिकी, जे वेलिंग्टनच्या उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि जिथे क्वीन एलिझाबेथ पार्कला लागून हॉलिडे पार्क, म्हणजे गाडी लावून राहण्याची सोयींनी युक्त जागा, आहे. दुसरा म्हणजे लोअर हट भागातला हॉलिडे पार्क, जिथून टर्मिनल आणखी जवळ पडते. पायकाकारिकी शांत आहे आणि समुद्र अगदी जवळ आहे. पण तिथून निघताना सकाळी सात ते नऊची शहराकडची गर्दी टाळावी लागते. फेरी साडेआठ-नऊची असेल तर सहा वाजता चाके हलली पाहिजेत. टर्मिनलच्या रांगेतच गाडी लावून रात्र काढू, असे गृहीत धरून कोणी निघू नये.

या रात्री पैसे वाचवण्याच्या नादी न लागता विजेची जोडणी असलेली जागा, म्हणजे ‘पॉवर्ड साइट’ घ्यावी. त्याचे कारण दुसऱ्या दिवशी बोटीवर कळते. प्रवासात वाहनांचा मजला बंद ठेवतात, खाली जाता येत नाही आणि गॅस सिलिंडरच्या तोंडाशीच बंद करावा लागतो. ज्या गाड्यांत फ्रिज गॅसवर चालतो तो त्यामुळे बंदच राहतो. आदल्या रात्री विजेवर फ्रिज चांगला थंड करून घेतला, पाण्याच्या दोन-तीन बाटल्या गोठवून दुधा-दह्याशेजारी ठेवल्या आणि दार पुन्हा उघडले नाही, तर साडेतीन-चार तास काही बिघडत नाही. गाडीची आतली बॅटरीही याच रात्री पूर्ण भरून घ्यावी, म्हणजे पलीकडे विजेशिवायच्या जागी राहावे लागले तरी दिव्यांची चिंता उरत नाही.

निघण्यापूर्वी शौचालयाची कॅसेट, म्हणजे त्याखालची काढता येणारी टाकी, आणि सांडपाण्याची टाकी डम्प स्टेशनवर, म्हणजे त्यासाठी ठरवून दिलेल्या जागी, रिकामी करावी. कॅसेट साधारण अठरा-वीस लिटरची असते आणि दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते. अर्धी भरलेली कॅसेट हलत्या बोटीत काय करते, ते अनुभवून पाहण्याची गरज नाही. कपाटांच्या खिट्ट्या, खिडक्या आणि छताचे झरोके यांवरून एकदा हात फिरवावा. आमच्याकडे डब्यांचे कपाट पूर्वी नीट लागत नसे. पिक्टनला उतरून दार उघडले तर हळद आणि गोडा मसाला यांची रांगोळी गादीपर्यंत पोहोचली होती. वर जाताना बरोबर न्यायची एक पिशवी वेगळी भरून ठेवावी. तीत जाकीट, पाकीट, औषधे, चार्जर आणि डबा असावा.

उत्तर बेटावरचे बाकीचे मुक्काम

आता फेरीपासून मागे मोजायला घ्यावे. ऑकलंड ते वेलिंग्टन राज्य महामार्ग १ ने साधारण साडेसहाशे किलोमीटर आहे. मोटारवाले ते एका दिवसात करतात. मोटरहोमने आणि तेही नव्याने ते करू नये. महामार्ग म्हटले तरी शहरांपासून दूर तो बहुतेक ठिकाणी दोन पदरीच आहे, वळणे आणि चढउतार आहेत, आणि साडेतीन टनांवरच्या वाहनांना वेगमर्यादा ताशी ९० किलोमीटर आहे. नकाशावर दिसणाऱ्या वेळेत मी चौथा हिस्सा आणखी मिळवतो आणि दिवसाला दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जात नाही. मागे गाड्यांची रांग साचली की जागा पाहून डावीकडे थांबून त्यांना पुढे जाऊ द्यावे. त्यातही वेळ जातो आणि तो हिशेबात धरावा.

या हिशेबाने पायकाकारिकीच्या आधीची रात्र ताइहापेच्या आसपास येते, कारण तिथून पुढचा टप्पा सुमारे एकशे नव्वद किलोमीटरचा उरतो. त्याच्या आधीची रात्र टाउपो सरोवराकाठी, जे ताइहापेपासून जेमतेम दीडशे किलोमीटर आहे. हा मधला दिवस मुद्दाम लहान ठेवला आहे. तुरांगी आणि वाइओरू यांच्यामधला साठेक किलोमीटरचा रस्ता ‘डेझर्ट रोड’ म्हणून ओळखला जातो. एका बाजूला तोंगारीरोचे ज्वालामुखी दिसतात, वाटेत पेट्रोलपंप नाही आणि हिवाळ्यात बर्फामुळे हा रस्ता बंद होऊ शकतो. बंद झाला तर वळसा पडतो, म्हणून त्या दिवशी हातात वेळ हवा. डिझेल तुरांगीतच भरून घ्यावे.

पहिल्या रात्रीबद्दल मी जरा हट्टाने सांगतो. भारतातून येणाऱ्या पाहुण्यांचे घड्याळ न्यूझीलंडच्या उन्हाळ्यात साडेसात तासांनी मागे असते. विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊन निघू नये. एक रात्र ऑकलंडमध्ये, शक्यतो नातेवाइकांच्या किंवा हॉटेलच्या न हलणाऱ्या पलंगावर झोपावे. दुसऱ्या दिवशी गाडी ताब्यात घेताना पाण्याची नळी, गॅसची चावी, विजेची तार, कॅसेट हे सगळे समजून घेण्यात आणि करार वाचण्यात दीड-दोन तास जातात, त्यानंतर किराणा भरायचा असतो. दुपारी दोनला निघालेल्या माणसाने टाउपो गाठू नये. हॅमिल्टन किंवा केंब्रिजपाशी, सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर थांबावे. पहिल्या रात्री सोयींनी युक्त हॉलिडे पार्कच घ्यावा. काही चालत नसेल, गळत असेल किंवा सापडत नसेल, तर ते उजेडात आणि माणसांच्या सोबतीत कळलेले चांगले.

मुक्कामाच्या जागांचे प्रकार आणि कायदा

हॉलिडे पार्कमध्ये वीज, गरम पाण्याची अंघोळ, सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची सोय आणि बहुधा डम्प स्टेशन असते. मराठी कुटुंबांना सामाईक स्वयंपाकघराचे महत्त्व सांगायला नको. गाडीत फोडणी दिली की धुराचा अलार्म हमखास वाजतो आणि हिंगाचा वास पडद्यांत चार दिवस राहतो. आम्ही दर दोन रात्रींनंतर एक रात्र हॉलिडे पार्कमध्ये काढतो, त्याच दिवशी कुकर लावतो आणि पुढच्या दोन दिवसांची भाजी-आमटी करून घेतो. आरक्षण करताना मागे न घेता सरळ आत-बाहेर करता येईल अशी जागा आहे का, ते विचारावे. नव्या चालकाचे निम्मे टेन्शन तिथेच उतरते.

दुसरा प्रकार संवर्धन विभागाच्या, म्हणजे ‘डॉक’च्या कॅम्पसाइटचा. देशभरात अशा दोनशेहून अधिक जागा आहेत. सरोवराकाठी, जंगलात, समुद्रालगत असलेल्या या जागा स्वस्त असतात, पण अनेक ठिकाणी सोय म्हणजे साधे शौचालय आणि नळ एवढीच. काहींचे आरक्षण आधी करावे लागते, काही ठिकाणी जो आधी येईल त्याला जागा मिळते. अशा आरक्षण नसलेल्या जागेवर विसंबायचे असेल तर उन्हाळ्यात दुपारी तीनपर्यंत पोहोचावे.

तिसरा प्रकार ‘फ्रीडम कॅम्पिंग’चा, म्हणजे कॅम्पसाइटबाहेर सार्वजनिक जागी गाडीत रात्र काढण्याचा, ज्याबद्दल भारतात सर्वांत जास्त गैरसमज आहेत. न्यूझीलंडमध्ये कुठेही गाडी लावून झोपता येते, हे खरे नाही. २०११ च्या फ्रीडम कॅम्पिंग कायद्यानुसार स्थानिक कौन्सिलांना आपापल्या हद्दीत जागा ठरवण्याचे व बंदी घालण्याचे अधिकार आहेत. २०२३ मध्ये नियम आणखी कडक झाले. कौन्सिलच्या जमिनीवर गाडीत रात्र काढायची असेल तर, कौन्सिलने खास सूट दिलेल्या जागा सोडल्यास, गाडी ‘सेल्फ-कंटेन्ड’, म्हणजे पाणी, शौचालय, सांडपाणी यांची सोय स्वतःतच असलेली, असल्याचे प्रमाणपत्र लागते, आणि नव्या व्यवस्थेतल्या हिरव्या प्रमाणपत्रासाठी गाडीत पक्के बसवलेले शौचालय आवश्यक आहे. सुटे, उचलून ठेवण्याचे शौचालय त्यासाठी चालत नाही. नियम मोडल्यास दंड ४०० डॉलरपासून सुरू होतो. तेवढ्यात बऱ्या हॉलिडे पार्कमध्ये कित्येक रात्री निघतात. गाडी घेताना हिरवे प्रमाणपत्र आणि त्यावरची माणसांची संख्या पाहावी. चार माणसे जाणार आणि प्रमाणपत्र दोघांचे, असे होता कामा नये.

जागा शोधायला ‘कॅम्परमेट’ आणि ‘रँकर्स’ ही अ‍ॅप सर्रास वापरली जातात; डम्प स्टेशन आणि पाण्याचे नळही त्यांत दिसतात. मात्र अ‍ॅपमध्ये परवानगी दाखवली आणि जागेवरच्या फलकावर बंदी लिहिली असेल, तर फलक खरा मानावा.

बोटीवर आणि पलीकडची पहिली रात्र

गाडी बोटीवर चढवताना कर्मचारी हाताने खुणा करतात. त्यांच्याकडे पाहत सावकाश जावे, आरशातली जागा कमी दिसली तरी घाबरू नये. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी, ऑटोमॅटिक असेल तर ‘पार्क’मध्ये, आणि चोरीचा अलार्म असल्यास बंद करावा. गॅस बंद केला का, हे पुन्हा एकदा पाहावे.

कुक सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी बावीस-तेवीस किलोमीटरच आहे, पण दोन बेटांच्या मधल्या त्या खिंडीतून पश्चिमेचा वारा दाबून घुसतो आणि समुद्र अंगावर येतो. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. इथे एक गोष्ट फार जण विसरतात. अशा बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. जो पलीकडे उतरून गाडी चालवणार आहे त्याने कोणती गोळी घ्यायची, ते औषधविक्रेत्याला विचारून आधीच ठरवावे, आणि गोळी घ्यावीच लागणार असेल तर त्या दिवशीचा मुक्काम पिक्टनमध्येच ठेवावा.

खरे तर गोळी घेतली नाही तरी मी नवख्यांना हेच सुचवेन. बोट रिकामी होते तेव्हा शेकडो गाड्या एकाच वेळी ब्लेनमच्या रस्त्याला लागतात आणि मोटरहोमवाल्याच्या मागे उतावळ्यांची रांग लागते. आम्ही पिक्टनच्या किनाऱ्यावर गाडी लावतो, गॅस उघडून चहा टाकतो आणि लोंढा जाऊ देतो. गावात हॉलिडे पार्क आहेत, पलीकडे क्वीन शार्लट ड्राइव्हवर मोमोरांगी बे येथे डॉकची कॅम्पसाइट पाण्याला लागून आहे. जागा सुरेख आहे, पण रस्ता नागमोडी आणि अरुंद असल्याने तिथे उजेडीच जावे, आणि चावऱ्या सँडफ्लाय माश्यांसाठी मलम जवळ ठेवावे.

फेरी रद्द झाली तर

हवामानामुळे किंवा बोटीतल्या बिघाडामुळे फेऱ्या रद्द होतात, आणि तसे झाले की वेलिंग्टनमधल्या मोटरहोमच्या जागा काही तासांत भरतात. म्हणून आदल्या मुक्कामाचा फोन नंबर हाताशी ठेवावा आणि रद्द झाल्याचा संदेश येताच पुढच्या फेरीच्या मागे लागण्याआधी रात्रीची जागा पक्की करावी. आम्ही एकदा हा क्रम उलटा केला आणि दोन तास फोन कानाला लावून बसलो. तोवर जवळच्या जागा संपल्या आणि कापितीला परत जावे लागले. पिक्टन आणि पुढच्या एका मुक्कामाचे आरक्षण शक्यतो रद्द करता येण्याजोगे घ्यावे. क्वीन्सटाउनहून परतीचे विमान असेल, तर दक्षिण बेटावर किमान एक, सुटीच्या हंगामात दोन दिवस मोकळे सोडावेत.

दक्षिण बेटावरचे टप्पे

पिक्टनपासून पुढे मोजणे सोपे आहे. कायकोरा साधारण एकशे साठ किलोमीटरवर आहे आणि रस्त्याचा शेवटचा भाग समुद्राच्या अगदी काठाने जातो. १४ नोव्हेंबर २०१६ च्या भूकंपात दरडी कोसळून हा महामार्ग वर्षभराहून अधिक काळ बंद होता. आजही मोठ्या पावसात दरड येऊ शकते, म्हणून निघताना रस्त्याची स्थिती पाहावी. कायकोरापासून क्राइस्टचर्च एकशे ऐंशी किलोमीटर, तिथून टेकापो सव्वादोनशे आणि टेकापोहून लिंडिस खिंडीमार्गे क्वीन्सटाउन अडीचशेच्या थोडे वर. टेकापोला जमल्यास दोन रात्री द्याव्यात. तो भाग २०१२ पासून औराकी मॅकेन्झी अंधार-आकाश संरक्षित क्षेत्रात, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार जपलेल्या भागात, आहे; मात्र ढगांनी पहिली रात्र खाल्ली तर दुसरी हाताशी असावी लागते. उंचीवर रात्री उन्हाळ्यातही गारठा पडतो, हीटरसाठी बॅटरी भरलेली हवी.

गाडी क्वीन्सटाउनलाच परत करायची असेल, तर शेवटची रात्र डेपोपासून अर्ध्या तासाच्या आत, डम्प स्टेशन असलेल्या हॉलिडे पार्कमध्ये काढावी. टाक्या रिकाम्या करणे, भांडी घासून जागच्या जागी लावणे आणि केर काढणे ही कामे त्या संध्याकाळीच उरकावीत, आणि सकाळी डेपोच्या वाटेवर डिझेल भरून त्याची पावती, मीटरवरच्या आकड्याच्या फोटोसह, जपून ठेवावी. डिझेल गाड्यांचा रस्तेवापर कर किलोमीटरवर आकारला जातो आणि काही कंपन्या तो शेवटच्या हिशेबात वेगळा लावतात.